वाळूच्या रंगाचा मामा

"लाव पैज!" शेजारचा किल्लीवाला मामाला म्हणाला. "नवरी तुझ्या नाकासमोरून जाईल आणि तिला तू दिसणारसुद्धा नाहीस."

परदेशातलं हॉटेल, समुद्रकाठ, नाश्त्याचं टेबल. लग्नाला आलेले एकाच इमारतीतले शेजारी टेबलाभोवती बसले होते, आणि झाडून सगळे एकाच रंगाचे. वाळूचे. मागे वाळू, पुढे वाळू, मध्ये हे. कुणी चहाचा कप उचलला तरच तिथे माणूस आहे हे कळायचं.

सगळा घोळ आमंत्रणातल्या एका ओळीचा होता. 'पाहुण्यांनी न्यूड शेड्समध्ये यावं.' ती वाचून इमारतीत नुसता हलकल्लोळ. किल्लीवाल्याच्या बायकोने तर सांगून टाकलं, "लग्न आहे का तमाशा? मी मेले तरी यायची नाही." मग खुलासा आला, की उघडं नव्हे हो, मातकट. सैल, सुती, भडक काही नको, टाचांच्या चपला नकोत, उन्हाळा आहे, वाळू आहे.

"म्हणजे कपडे घालायचे, पण घातलेत असं वाटायला नको," मामीने सगळ्यांना सोपं करून सांगितलं होतं.

मामाला मात्र वेगळा मेसेज होता, खुद्द नवरीचा. 'मामा, प्लीज, तुझा तो लाल शर्ट नको हं.' जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. लाल-पिवळ्याशिवाय ज्याचं पान हलत नाही, त्याने गिळला तो मेसेज. पण घशात अडकला होता.

"अरे जा!" मामाने टेबलावर हात आपटला. "शाळेपासून माझ्या घरात वाढलीय ती. अंधारात नुसत्या खोकल्यावरून ओळखेल मला."

"मग हरलास तर मामींची मॅक्सी घालून सगळ्यांसमोर यायचं."

"कुठली?"

"ती केशरी. ताटाएवढ्या फुलांची."

"मेल्यांनो, माझी मॅक्सी काय पैजेवर लावता!" मामी कडाडली. "आणि घातलीच तर धुऊन द्यायची, सांगून ठेवते."

"लागली," मामा म्हणाला.

लग्नाच्या जागी पोचले तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. पुढच्या खुर्च्यांवर बसायला गेले, तर लग्नाची व्यवस्था बघणारी, कानात यंत्र खोचलेली एक पोरगी आडवी आली. "काका, पुढच्या रांगा राखीव आहेत. तुम्ही मागे." मामाच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. मामीने त्याची बाही ओढली. "आज नको हं. आज गप बसा." तो गप बसला. शेवटच्या रांगेत, पण वाटेच्या कडेला. नवरी तिथूनच जाणार होती. हात लांबवला तर पदराला लागेल, इतक्या जवळून.

नवरी आली. शुभ्र, हसरी. मामा ताठ झाला. ती दोन हातांवर आली तेव्हा तो खोकला. तिने बघितलं. थेट त्याच्याकडे बघितलं, आणि तिची नजर त्याच्यावरून तशीच पुढे गेली, भिंतीवरून जाते तशी. मामा पुन्हा खोकला. मोठ्याने. ती पुढे निघून गेली होती.

किल्लीवाल्याने हसायला तोंड उघडलं होतं. मामाचा चेहरा बघून त्याने ते मिटलं.

"ऊन डोळ्यांवर होतं तिच्या," मामी पुटपुटली.

लग्न लागलं, टाळ्या झाल्या. मग फोटोवाल्याने हाक दिली, "घरचे सगळे पुढे या!" मामा उठला, खुर्च्यांमधून वाट काढत निघाला. त्या पोरीने त्याच्या छातीवर तळहात ठेवला.

"काका, आधी फॅमिली."

"मग मी कोण?"

"पाहुण्यांचा फोटो शेवटी घेणार आहोत ना. ड्रोनने. सगळे एकसारखे, वाळूत मिसळल्यासारखे. फार छान येतो, बघा तुम्ही."

मामाने तिचा हात बाजूला केला, वळला आणि तरातरा हॉटेलाकडे चालायला लागला. पायाखालची वाळू भसाभसा उडत होती. किल्लीवाला धापा टाकत मागे पळाला. "अरे मामा, गंमत होती रे! सोडून दे पैज!"

"का सोडू? हरलोय ना? मग अंगावर घेतो की!"

थोड्या वेळाने खुर्च्यांच्या मागच्या टोकाला कुणीतरी किंचाळलं. मग हशा पिकला. मग सगळ्यांचे फोन वर गेले. मातकट माणसांच्या मधोमध मामा चालत येत होता. अंगात केशरी मॅक्सी, तिच्यावर ताटाएवढी जांभळी फुलं, खाली केसाळ पोटऱ्या, हाताच्या मुठी वळलेल्या. ड्रोनवाल्याने मान वर करून शिवी हासडली. ती कानात यंत्र खोचलेली पोरगी धावली, "काका, काका, प्लीज!" मामाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो सरळ चालत गेला आणि फोटोसाठी उभ्या असलेल्या घरच्यांसमोर पाय रोवून थांबला.

नवऱ्याकडची माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. नवरी लालबुंद झाली.

"मामा! अरे, हे काय घातलंयस?"

"पैज हरलो. फेडतोय."

"माझ्या लग्नात? कसली पैज?"

मामाने तोंड उघडलं. ओरडायचंच होतं त्याला, सकाळपासून ओरडायचं होतं. पण आवाज निघाला तो अगदी बारीक.

"तू मला ओळखशील, अशी लावली होती गं."