मुलाखतीची पँट

नांदेडच्या दवाखान्यातून लेकीचा फोन आला, “बाबा, आई गेली.” तेव्हा रामलिंग मुलाखतीच्या पँटसाठी दारात उभा होता. लातुरातल्या आमच्या गल्लीनं बेरोजगार पोरांसाठी वर्गणीतून एकच काळी पँट घेतलेली. ज्याची मुलाखत, त्याच्या उंचीप्रमाणे बायको ती दुमडून टाके घालायची, परत आली की उसवायची. दवाखान्यात जाण्याआधी तिनं पँटचा एकच पाय शिवलेला. दुसरा मी स्टेपलरनं दुमडला आणि नांदेडला निघालो. रामलिंगला नोकरी लागली, पँट परत आली. आज शिवशंकर आलाय, त्याच्याहून वीतभर उंच. “काका, उद्या औशाला मुलाखत हाय. अशीच घातली तर साहेब म्हणतील, नदीतून चालत आलास का?” मी पिना काढल्या. कात्री घेऊन घरभर फिरत राहिलो. “द्या काका, मी उसवतो.” “थांब की!” तो अजून दारात थांबलाय. तिचे टाके उसवायचे राहिलेत.