जुळ्यातली कालवड

कल्पना करा मुलांनो, उरुग्वेच्या माळरानावर तुम्ही दहा वर्षांच्या नेल्दाशेजारी कुंपणावर बसला आहात. खाली गाभण कालवडी तपासून वेगळ्या काढताहेत. नेल्दाची कालवड मात्र रिकामीच निघाली. "हिच्यापासून तुझा कळप सुरू होईल," म्हणून ती मामानं दिली होती. म्हातारा गुराखी रोसेंदो हसला, "ही कसली गाभण राहते! गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड सहसा वांझच असते, पोरी." "हिला कुठं भाऊ होता?" "होता की! दुसऱ्या एका गायीचं वासरू मेलं होतं; तिला तो आपलाच वाटावा म्हणून तुझ्या मामानंच त्याला त्या मेल्या वासराचं कातडं बांधून तिच्याखाली लावलं." नेल्दानं खाली उभ्या मामाकडं पाहिलं. मामा ओशाळला, "तू लहान होतीस गं. तुला काय, खेळायला वासरू मिळालं ना?" नेल्दा उतरली. मामाची सगळ्यात धष्टपुष्ट गाभण कालवड तिनं हाकत आपल्या आवारात नेली, फाटक लावलं आणि म्हणाली, "मामा, माझी तूच ठेव."