प्रेसवरचं मांजर

पडद्यावर मांजर आलं तशी चित्रकार खुर्चीत सरसावून बसली. आता साहेब हरकत घेणार, सर कपाळावर हात मारून "अरेच्चा, हे राहूनच गेलं" म्हणणार, मांजर जाणार आणि फिल्म पास होणार. दर वेळी असंच होत असे.

साहेब म्हणजे कारखान्याचे सुरक्षा अधिकारी, आणि सर म्हणजे या स्टुडिओचे मालक. नव्या कामगारांना पहिल्या दिवशी दाखवायची चार मिनिटांची ॲनिमेशन फिल्म होती. बघायला बोलावलेल्या माणसाला काहीतरी खोडल्याशिवाय चैन पडत नाही, हे सरांनी फार पूर्वीच ओळखलं होतं. म्हणून प्रत्येक फिल्ममध्ये एक ढळढळीत चूक मुद्दाम सोडायची. ती पकडली की माणूस खूश होतो आणि बाकीच्या कामाला हात लावत नाही. स्टुडिओत या चुकीला 'तीट' म्हणत. या वेळची तीट म्हणजे पत्रा दाबायच्या प्रेसवर, नेमकं पत्रा ठेवायच्या जागी, मुटकुळं करून झोपलेलं तांबूस मांजर. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"मांजर!" साहेब हसले. "वा, फारच गोड. राहू दे हं ते. कारखाना कसा घरासारखा वाटतो."

सरांचा हात कपाळापर्यंत गेला होता, तो त्यांनी केसांवरून फिरवून खाली घेतला.

मग पडद्यावर तो हात आला. जुना कामगार नव्याला प्रेस बंद करायचं लाल बटण दाखवतो, त्या प्रसंगातला. हाताला एक अंगठा आणि दोन बोटं.

हात चित्रकाराच्या वडिलांचा होता; बावीस वर्षांपूर्वी अशाच एका प्रेसखाली त्यातली दोन बोटं गेली होती. ते शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. असा हात नुसता मनाने काढता येत नाही, म्हणून सरांनीच त्यांना दोन दिवस स्टुडिओत बोलावलं होतं. शर्टाचं बटण लावताना, पेला उचलताना, बुटाची नाडी बांधताना, सगळ्या बाजूंनी हाताचं चित्रण केलं होतं. घरच्या एका फोटोतही जो हात कधी खिशाबाहेर आला नाही, तो बाबांनी दोन दिवस दिव्यांखाली टेबलावर ठेवला. "फिल्मचा जीव आहे हा हात," असं सर म्हणाले होते. आज सकाळी दारातच त्यांनी बाबांना दटावलंही होतं, "आज हात खिशात नाही हं!" बाबांनी तो गुडघ्यावर ठेवला होता.

"थांबवा, थांबवा." साहेब उठून पडद्यापाशी गेले. चित्र जागच्या जागी थांबलं. त्यांनी पेनाच्या टोकाने मोजलं, "एक, दोन, तीन. बाकीची बोटं काढायला विसरलात की काय?"

"मुद्दाम तशी आहेत," चित्रकार म्हणाली.

"छे, छे! पहिल्याच दिवशी हे असलं बघून कोण टिकेल? जेवण जाणार नाही माणसाला. अहो, सुरक्षेची फिल्म आहे ना? मग हात कसा धडधाकट दिसायला हवा."

आता सर बोलतील असं तिला वाटलं. बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सर बोललेच.

"चूकच झाली, साहेब. संध्याकाळपर्यंत पाचही बोटं मिळतील."

बावीस वर्षांत एकाही डॉक्टरला जे जमलं नव्हतं, ते सर संध्याकाळपर्यंत करून देणार होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे वळून बघायचा धीर तिला होईना. सर तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "हातालाच तीट समज आणि सोड. बाकी फिल्म तर वाचली!"

ती उभी राहिली.

"ही चूक माझी नाही, सर. तुमचीही नाही. ज्यांचा हात आहे ते मागे बसलेत. संध्याकाळपर्यंत काय करायचं, ते त्यांनाच सांगा."

सगळ्यांच्या माना वळल्या. बाबांचा हात खिशात होता. कधी गेला होता, कुणास ठाऊक.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "माफ करा हं, काका. मला खरंच कल्पना नव्हती. म्हणजे, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण तुम्ही समजून घ्या, फिल्म म्हटलं की..."

सर छताकडे बघत होते. चित्रकाराला वाटलं, आता बाबा नेहमीसारखं "असू द्या, असू द्या" म्हणतील आणि उठून चालू लागतील. तसं झालं असतं तर तिने त्या दोघांना आयुष्यात क्षमा केली नसती, आणि बाबांनाही.

बाबा उठले. पण ते साहेबांकडे बघतच नव्हते. ते थांबलेल्या चित्राकडे बघत होते. चित्रातला हात लाल बटणापर्यंत अजून पोचला नव्हता. प्रेसचा हिरवा दिवा जळत होता. खाली मांजर झोपलं होतं. स्टुडिओतल्या प्रत्येकाने ते मांजर पन्नासदा तरी पाहिलं असेल.

बाबांनी हात खिशातून काढला आणि त्याच हाताने पडद्याकडे दाखवलं.

"हाताचं काय ते तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "पण आधी त्या मांजराला उठवा. प्रेस चालू आहे."