गल्लीकडचं दार

फोन वाजला तेव्हा पश्चिमेच्या अग्निशमन मंडळाचा अध्यक्ष ठराव वाचत होता. ठराव हेल्मेटं कुठे टांगायची याबद्दलचा होता. समोर दोन सभासद आणि एक कारकून, तिघंही पेंगत होते.

फोन पूर्वेच्या अग्निशमन मंडळाच्या केंद्रप्रमुखाचा होता. "साहेब, तुमच्या घरातून धूर येतोय. आम्ही समोरच बंब चालू करून उभे आहोत. पण घर पश्चिमेच्या हद्दीत पडतं. तुमची मागणी आल्याशिवाय निघता येत नाही."

"अहो, विचारताय काय? जा! बाबा एकटे आहेत घरात!"

तो तसाच धावत सुटला. चपला टेबलाखाली राहिल्या. पश्चिमेचा बंब निघतच होता, त्यावर चढला. पश्चिमेचं केंद्र नदीपलीकडे; तिथून घर गाठायचं म्हणजे अर्ध्या शहराला वळसा. पण पूर्वेचे लोक समोरच आहेत, रस्ता ओलांडला की झालं, असं तो स्वतःला बजावत राहिला.

या शहराची तऱ्हाच न्यारी. कामागणिक वेगळं मंडळ. पाण्याचं एक, डासांचं एक, आणि आगीची चक्क दोन. प्रत्येकाची हद्द वेगळी, निवडणूक वेगळी, अध्यक्ष वेगळा. निवडणूक कधी झाली हे मतदारांना निकालानंतर कळायचं, तेही कुणी सांगितलं तर. आणि पूर्व-पश्चिमेची हद्द जायची ती नेमकी याच्या घराच्या पोटातून. बैठकीची खोली पूर्वेत, स्वयंपाकघर पश्चिमेत. अशा घरांसाठी नियम सोपा होता. दार ज्या बाजूला उघडतं, त्या मंडळाचं ते घर.

दार पूर्वेला उघडायचं, मोठ्या रस्त्यावर. बाबा सकाळी दार उघडून समोरच्या केंद्रातल्या जवानांना हात करायचे. पण पूर्वेच्या मंडळात खुर्चीसाठी ही झुंबड, आणि पश्चिमेच्या मंडळाला माणूस मिळत नव्हता. याला उभ्या आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. मागच्या वर्षी त्याने गवंडी बोलावला. मागच्या गल्लीकडे, स्वयंपाकघराच्या भिंतीत, नवं दार काढलं. दोन दारं असली की हद्दीचा वाद निघतो, म्हणून पुढचं दार विटांनी बुजवून वर गुळगुळीत गिलावा करून घेतला. मग पश्चिमेतून उभा राहिला, बिनविरोध निवडून आला, आणि पहिल्याच सभेत ठराव केला: मागितल्याशिवाय परक्या मंडळाचा बंब आपल्या हद्दीत येणार नाही. नाक म्हणून काही असतं की नाही!

बाबांना ते दार कधीच आवडलं नाही. "काय अध्यक्षमहाराज, पाहुण्यांनी आता शेगडी ओलांडून यायचं का?" असं जेवताना हमखास विचारायचे. सून तोंडाला पदर लावून हसायची. बाबांचे डोळे अधू झाले होते, पण घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. त्यांना ते पाठ होतं. काठी मात्र अजून जुन्याच जागी टेकवायचे. पूर्वी तिथे दाराचा कोपरा होता. आता सपाट भिंतीवरून ती घसरायची आणि खळकन पडायची. "बाबा, किती वेळा सांगायचं?" असं हा खेकसायचा.

बंब वळला तेव्हा आग विझली होती. मोठ्या रस्त्यावर ही गर्दी. बायको कामावरून तशीच आली होती, शेजारणीने तिला धरून बसवलं होतं. ती याच्याकडे बघेना. पूर्वेचा केंद्रप्रमुख पायरीवर बसला होता, तोंड काळंठिक्कर.

"तुम्ही जा म्हणालात आणि आम्ही सुटलो, साहेब," तो म्हणाला. "पण दार मागे. गल्लीत बंब शिरेना. पाइप ओढत पोचलो, तर आग स्वयंपाकघरातच, ऐन दारात. आत पाऊल टाकता येईना. मग परत पुढे येऊन खिडकीचे गज कापले."

"बाबा?"

प्रमुखाने मान खाली घातली. "धूर फार होता हो. पुढच्या खोलीत सापडले."

पुढच्या खोलीत कशाला गेले? दार मागे आहे हे ठाऊक नव्हतं का त्यांना? रोज त्याच दाराने तर जात होते. त्याला बाबांचा राग आला, आणि त्या रागाचीच त्याला भीती वाटली.

गल्लीतून फिरून, जळक्या स्वयंपाकघरातून, तो अनवाणी आत गेला. पायाखाली गरम पाणी होतं. बाबांना आधीच बाहेर नेलं होतं. पुढच्या खोलीत काही जळलं नव्हतं. पलंग, खुर्ची, पाण्याचा तांब्या, सगळं जागच्या जागी. भिंती तेवढ्या काजळीने काळ्या पडल्या होत्या. काठी जमिनीवर पडली होती. तो ती उचलायला वाकला, आणि वर बघितलं.

जुन्या दाराच्या जागी, गिलाव्यावरची काजळी पुसली गेली होती. एकावर एक हाताचे पंजे उमटले होते, सगळे छातीच्या उंचीला.

बाबा कडी शोधत होते.