रुमेनाने खोडलेली ओळ

प्लोवदिवच्या आमच्या ऑफिसात रुमेना दारांच्या कुलपांचा प्रोग्रॅम लिहायची. चाचणीसाठी तो आमच्याच काचेच्या दाराला जोडला होता.

त्या दुपारी आम्ही जेवायला निघालो. सगळ्यांच्या कार्डांनी दार उघडलं, रुमेनाच्या उघडेना. दारावरच्या पडद्यावर ओळ आली: "रुमेना, काम राहिलंय."

"स्वतःच्याच दाराने कोंडलं का गं तुला?" मी बाहेरून ओरडलो.

"गमतीत लिहिली होती रे ती ओळ! पण सोमवारीच खोडली."

"मग जुनी प्रत चालत असेल. पुसून नव्याने बसव. मी थांबतो."

तिने प्रोग्रॅम नव्याने बसवला, कार्ड लावलं. "रुमेना, काम राहिलंय."

मग तिने अख्खा प्रोग्रॅमच पुसला. "आता काही उरलंच नाही, स्तोयन," ती हसत म्हणाली आणि कार्ड लावलं. तीच ओळ.

ही ओळ येते तरी कुठून, हे तिने मशीनलाच विचारलं. उत्तर वाचून तिचं हसू मावळलं. ओळ तिने आत्ताच रिकाम्या केलेल्या फोल्डरमधून येत होती. तिने तो पुन्हा उघडून पाहिला. रिकामाच होता.

तिने कॉम्प्युटरची वायर उपटली आणि धावत दाराशी आली. आतून ती ढकलत होती, बाहेरून मी ओढत होतो. दार हलेना.

"मला इथे सोडून जाऊ नकोस हं," ती म्हणाली.

तेवढ्यात पडद्यावरची ओळ पहिल्यांदाच बदलली.

"स्तोयन, तू नीघ."