बेखमीर भाकरीचं गाठोडं

बुखाऱ्याच्या यहुदी गल्लीत वल्हांडण सणाच्या संध्याकाळी झुलायने दोनच ताटं मांडली. तिचा मुलगा उरिएल हिवाळ्यातच मातीआड गेला होता.

"गाठोड्याचं राहू द्या यंदा," ती नवऱ्याला म्हणाली.

दर वर्षी बेखमीर, न आंबवलेल्या भाकऱ्यांचं गाठोडं खांद्यावर टाकून उरिएलच बाहेर जायचा, दार वाजवायचा, आणि आतून झुलाय ठरलेले प्रश्न विचारायची.

"राहू कसं द्यायचं?" पिन्हास म्हणाला. "आज वाडवडिलांसारखं मिसरच्या गुलामीतून आपण स्वतः सुटून यायचं असतं. कोणी आलंच नाही, तर सुटलं कोण? मी जातो."

"तुम्हाला चौकापर्यंत चालवत नाही, आणि निघाले मिसरहून यायला."

तो हसला आणि फडकं शोधायला आतल्या खोलीत गेला.

थोड्या वेळाने दार वाजलं. हे मागच्या अंगणातून गेले वाटतं, असं म्हणत ती दाराशी आली.

"कुठून आलास, वाटसरा?"

"मिसरहून."

आवाज थेट उरिएलचा होता. असल्या दिवशी पोराचा आवाज काढतात का कोणी? तिला रागच आला.

"झुलाय," मागून पिन्हासची हाक आली. अर्धवट बांधलेलं गाठोडं घेऊन तो आतल्या उंबऱ्यात उभा होता. "एवढी गाठ मारून दे गं. बोटं वळत नाहीत."

तिने मागे पाहिलं नाही. दुसरा प्रश्न राहिला होता. त्याचं उत्तर ठरलेलं असे, यरुशलेमला. तिने दाराला कपाळ टेकलं.

"कुठे निघालास, बाळा?"



"निघालो कुठे, आई," पलीकडून आवाज आला. "मी अजून मिसरातच आहे."