शेवट काकांना विचारा

दोन्ही दुकानं समोर उघडी होती आणि लेखिकेचं काही ठरत नव्हतं. दुकानं म्हणजे लॅपटॉपवरची, ई-पुस्तकांची. एक अवाढव्य. तिथे जगभरचे वाचक, पण अटी फार. पुस्तक दुसरीकडे कुठे ठेवायचं नाही, आणि अर्धवट तर मुळीच चालणार नाही. दुसरं दोन मैत्रिणींनी एका खोलीतून चालवलेलं. तिथे वाचक मूठभर, पण अट एकही नाही. यात डोकं खाजवण्यासारखं काय आहे, असं कोणीही म्हणेल. तिची ताई तेच म्हणाली होती. पण पहिलीच कादंबरी, स्वतःच काढायची, स्वतःच विकायची. मोठ्या दुकानाच्या बटणापर्यंत गेलेलं बोट सारखं मागे येत होतं. म्हणून लॅपटॉप काखोटीला मारून ती काकांकडे आली होती.

काका काही सख्खे नव्हेत. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं वाचनालय होतं, भाड्याने पुस्तकं देणारं. एका शटरची जागा, खाकी कव्हरं, डिंकाचा वास, आणि काउंटरमागे बोलघेवडे काका. शाळेतून येताना ती दप्तर तिथेच टाकायची. काका तिला भोचकबाई म्हणायचे, कारण पुस्तक परत देताना तिचा प्रश्न ठरलेला असायचा, पुढे काय झालं?

विचारावंच लागायचं. तिथल्या निम्म्या रहस्यकथांना शेवटचं पानच नसायचं. इतक्या हातांतून फिरलेली पुस्तकं, पानं सुटणारच, असं काका हळहळून सांगायचे. मग स्टूल पुढे सरकवायचे, तुला काय वाटतं ते आधी विचारायचे, आणि उरलेली गोष्ट तोंडी सांगायचे. शिंपीणबाईंना, पोस्टमनला, ताईला, सगळ्यांना. एकदा घरी दोघी बहिणींची चांगलीच जुंपली, कारण ताईला सांगितलेल्या शेवटात खुनी पकडला गेला होता आणि हिच्या शेवटात तो निसटला होता. मोठेपणी तिने तेच पुस्तक धडधाकट विकत घेतलं. छापलेला शेवट अगदीच पाणचट निघाला.

आता त्या शटरमागे मोबाइलचं दुकान आहे. काका दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी बसलेले. कोणी येत नाही, फोन वाजत नाही. दिवसभरात चार शब्द बोलले तर पुष्कळ, असं काकूंनी दारातच हळू आवाजात सांगितलं होतं. तिच्या कादंबरीचा मसुदा त्यांनी मागच्याच आठवड्यात वाचून काढला होता. अभिप्राय एवढाच, की शेवट ठीक आहे. काकांचं 'ठीक' ती पुरतं ओळखून होती.

तिने दोन्ही दुकानांची बाजू मांडली. काकांनी ऐकून घेतलं, जिथे वाचक जास्त तिथे दे म्हणाले, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. झालं, विषय मिटला. तिने मोठ्या दुकानाचं पान पुढे घेतलं. ते उघडेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, की एक बरं आहे, आपल्या पुस्तकांसारखी यातली पानं सुटायची नाहीत.

चहा घेऊन आलेल्या काकूंना हसू आवरेना.

"सुटतात कसली? हे स्वतः ब्लेडने कापायचे. म्हणायचे, लोक पुस्तक टाकतात आणि तोंड फिरवून चालू लागतात. पान नसलं की थांबतात, बसतात, दोन शब्द बोलतात."

काकांचे कान लाल झाले. जुनं उकरून काढायची काकूंना खोडच आहे, असं काहीसं ते पुटपुटले, पण मिशीतलं हसू काही लपलं नाही.

लेखिका बघतच राहिली. ज्या सुटलेल्या पानांनी तिला गोष्टी रचायची सवय लावली, ती पानं सुटलेलीच नव्हती. खरं म्हणजे राग यायला हवा होता. डोळेच भरून आले. तिने मोठं दुकान बंद केलं. मग कादंबरीचं शेवटचं प्रकरण उडवलं. जिवावर आलं, पण उडवलं. त्या जागी एक ओळ लिहिली आणि स्क्रीन काकांपुढे धरली. शेवटचं पान सुटलं आहे, पुढे काय झालं ते काकांना विचारा. खाली त्यांच्या फोनचा नंबर.

"वेडी आहेस तू. मला कोण फोन करणार?" काका म्हणाले. पण नको म्हणाले नाहीत.

पुस्तक छोट्या दुकानात गेलं. ताईने कपाळावर हात मारून घेतला. बरेच दिवस काही म्हणता काही झालं नाही. काका उगाच फोन उचलून बघायचे, चालू आहे ना. काकूंनी हे सांगितल्यावर लेखिकेला स्वतःचाच राग आला. आपण म्हाताऱ्याला नसती आशा लावली, असं वाटून ती एका संध्याकाळी माफी मागायला गेली.

जिन्यातच तिला रिंग ऐकू आली. ती दाराशी पोचली तेव्हा काका घसा खाकरत होते. त्यांनी रिकामं स्टूल पुढे सरकवलं. समोर कोणी नव्हतं, तरी सरकवलं.

"आधी सांगा, तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून, पूर्वीसारखंच रंगवत, गोष्ट सांगायला लागले. दोन वाक्यांतच लेखिका चमकली. हा शेवट तिने लिहिलेलाच नव्हता. तिने चपला काढल्या, आवाज न करता आत आली, आणि आपल्याच कादंबरीत पुढे काय झालं ते ऐकायला त्या स्टुलावर जाऊन बसली.